धाकटा गिअर

झिलू वेळीपाच्या जीपला दोन गिअर होते. एक थोरला, सगळ्यांच्या गाडीला असतो तसा. दुसरा त्याच्या शेजारी वीतभर उंचीचा, डोक्यावर काळी लाकडी गोटी बसवलेला. त्याला आंबेतळ गावात धाकटा गिअर म्हणत. थोरला टाकला की गाडी चालते आणि धाकटा ओढला की गाडी चढते, एवढं यंत्रशास्त्र गावात पाळण्यातल्या पोरापासून सगळ्यांना पाठ होतं, आणि याहून जास्त कुणाला कधी लागलं नव्हतं.

आंबेतळ दिग्गीच्या वाटेवर, डांबर संपलं की आत सहा किलोमीटर. या सहा किलोमीटरांना कागदोपत्री रस्ता म्हणतात. पावसाळ्यात तो ओढ्यासारखा वागतो आणि उन्हाळ्यात ओढा त्याच्यासारखा. त्यात गावाच्या तोंडाशी रेडेचढ नावाचा दोनशे पावलांचा तांबड्या चिखलाचा चढ आहे. पूर्वी एक रेडा या चढावर बसला तो उठलाच नाही, म्हणून रेडेचढ. याबद्दल दुसरी आख्यायिका नाही, कारण चढ पाहिल्यावर पहिलीवर कुणी शंका घेत नाही.

झिलू नऊ वर्षं हा चढ एका ठराविक पद्धतीने चढत आला होता. पायथ्याला, खडी संपायच्या आत, गाडी थांबायची. हडकुळी माणसं उतरून चालायला लागायची. तांदळाची पोती आणि फुलामावशी मागच्या चाकांवर सरकायची. फुलामावशीला हा मान वजनामुळे मिळाला होता, पण ती तो वयामुळे मिळाल्यासारखा घ्यायची. मग झिलू उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरचे खटके फिरवायचा, हात धुवायचा आणि चढावरच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायचा. "बा देवा, लेकरांची गाडी हाय, संभाळून वर घे." उतरलेले आणि बसलेले मिळून "व्हय म्हाराजा" म्हणायचे. शेवटी झिलू आत बसून धाकटा ओढायचा. खट्ट असा आवाज व्हायचा, गाडीत सगळे गप्प व्हायचे, आणि गाडी एका दमात वर जायची. नऊ वर्षांत ती एकदाही खाली आली नाही.

"धाकटा कधी ओढायचा ते झिलूला कळतं," हे वाक्य हळूहळू गाडी सोडून इतर ठिकाणीही लोक वापरू लागले. लावणी कधी करायची, मुलगी कधी द्यायची, पंचायतीत कधी बोलायचं, या प्रश्नांवर लोक झिलूकडे यायचे. तोही सल्ला द्यायचा. माणसाला एका गोष्टीतलं कळतं असं ठरलं की बाकीच्या गोष्टींचं ज्ञान आपोआप येतं.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी त्या जीपला फिटनेसचा दाखला नाकारला गेला. नाकारणाऱ्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि दुसरी मारायचं टाळलं. त्याच महिन्यात बेळगावच्या एका विश्वस्त संस्थेने या भागात फिरता दवाखाना सुरू करायचं ठरवलं. दर बुधवारी डॉक्टरबाई, औषधांच्या पेट्या आणि कोरी पांढरी गाडी. ड्रायव्हर स्थानिक हवा होता, आणि 'फोर व्हील ड्राइव्ह चालवण्याचा अनुभव आवश्यक' असं अर्जावर ठळक छापलं होतं. झिलूने त्या रकान्यात 'नऊ वर्षे' असं लिहिलं आणि पेन जरा दाबून लिहिलं.

चाचणी ऑगस्टातल्या एका बुधवारी ठरली. ड्रायव्हर पास झाला नाही तर संस्था बेळगावहून माणूस पाठवणार होती, आणि बेळगावचा माणूस गाडी डांबर संपतं तिथल्या फाट्यापर्यंतच आणणार होता. म्हणजे साखरेच्या गोळ्या घ्यायला आंबेतळाने सहा किलोमीटर चालत जायचं.

"सहा जायचं आन् सहा यायचं," झिलूची बायको रुक्मिणी म्हणाली, "मग गोळीची गरजच काय? साखर वाटेतच उतरंल."

सोमवारी झिलू जुनी जीप विकायला रामनगरला नागराजच्या गॅरेजात घेऊन गेला. नागराज नऊ वर्षं त्याची गाडी दुरुस्त करत होता. तो कन्नडमध्ये विचार करायचा, मराठीत बोलायचा आणि दोन्ही भाषांत फारसं सांगायचा नाही. गाडी खड्ड्यावर घेऊन तो खाली उतरला, बॅटरीचा उजेड फिरवला आणि वर येऊन हात पुसले.

"अण्णा, भंगारातच जाईल बघा. पुढचा शाफ्ट असता तर कुणीतरी घेतली असती."

"कुठला पुढचा?"

"पुढच्या चाकांना फिरवतो तो."

"तो कुठं गेला?"

नागराजने झिलूकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग पुन्हा झिलूकडे. "अण्णा, तो नव्हताच की. तुम्ही ज्याच्याकडनं घेतली ना, खानापूरचा, त्यानं विकायच्या आधीच काढलेला. डिझेल कमी खाते म्हणून."

"मग धाकटा?"

"तो हाय की. ओढला की आत दात लागतात, आवाज येतो. फुडं काय न्हाई. फोन लागतो, पलीकडं माणूस न्हाई, तसं."

झिलू खड्ड्यात उतरला. या गाडीखाली तो शेकडो वेळा गेला होता. तिथे एक जाड दांडा होता, इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा, आणि त्याला तो नेहमी पुरेसा वाटला होता. माणसाला कणा एकच असतो. गाडीला दोन लागतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या बाजूला जिथे दुसरा दांडा असायला हवा होता तिथे कोळ्याचं जाळं होतं. चांगलं जुनं, वस्तीचं जाळं.

तो वर आला. "नऊ वर्षं तू मला सांगितलं न्हाईस."

"तुम्हांला म्हाईत असंल असं वाटलं."

"मग मी धाकटा कशापायी ओढतो असं वाटलं तुला?"

"माणसांना धीर यायला," नागराज म्हणाला. "मला ते बरोबरपण वाटलं."

झिलूने एक चहा प्यायला आणि तो संपल्यावर रिकामा पेला बराच वेळ हातात धरला. त्याच्या डोक्यात पहिल्यांदा राग आला, मग लाज आली, आणि लाज जरा बसल्यावर एक साधा प्रश्न आला. परवा बुधवार. त्याने पेला खाली ठेवला.

"बुधवारपातूर शिकव."

"काय?"

"चार चाकं."

गॅरेजात एका सुपारीच्या बागायतदाराची चार चाकांवर चालणारी गाडी ब्रेकसाठी आली होती. नागराजने मालकाला फोन केला, ब्रेक 'चालवून बघावे लागतील' असं सांगितलं, जे खोटं नव्हतं, आणि दोघं गॅरेजमागच्या माळावर गेले. तिथे नागराज दीड तास बोलला. गेल्या नऊ वर्षांत मिळून तो एवढा बोलला नव्हता.

"वळणावर चार चाकं सारखी चालत न्हाईत अण्णा. भायेरचं लांबनं जातं, आतलं जवळनं, पुढची-मागची पण येगळी. मातीत असलं तर एखादं जरा घसरतं, आपलं आपण जमवून घेतं. काँक्रीटवर घसरणार कुठं? एका दाव्याला चार बैल बांधून खांबाभवती फिरवल्यागत. आतल्या आत पीळ बसतो, आणि मग कुठलं तरी मोडतं. सुकं, कडक, आवळ वळण, तिथं दोनच."

"बरं."

"आणि हे, चार-लो. हे लईच दांडगं. पण पळवायचं न्हाई. तुम्ही दोन चाकांवर धावून चढवताय इतकी वर्षं. चारवर चालत चढवायची. चाक फिरायला लागलं की पाय वर. खाली न्हाई. वर."

झिलूने माळावरच्या चिखलाच्या डबक्यात गाडी घातली आणि चाक फिरायला लागताच पाय खाली दाबला. नागराजच्या शर्टाचा रंग बदलला. दुसऱ्यांदाही तेच झालं. पाचव्या खेपेला पाय वर आला.

"आता कधी टाकायचं ते सांग."

"ते मी कसं सांगू?" नागराज शर्ट पिळत म्हणाला. "रोड तुमचा."

संध्याकाळी झिलूने रुक्मिणीला सगळं सांगितलं. ती चुलीच्या राखेतून फणसाच्या भाजलेल्या आठळ्या ओढत होती. तिने एक सोलून तोंडात टाकली आणि नीट चावून खाल्ली.

"मग इतकी वर्षं चढवत कोण व्हतं?"

"मीच."

"मग झालं की."

"आगं पण अर्जात नऊ वर्षं लिवलंय."

"लिवताना म्हाईत व्हतं?"

"न्हाई."

"आता हाय न्हवं? मग सांगून टाकायचं." तिने दुसरी आठळी सोलली. "पर आदी चढवायची, मग सांगायचं. आदी सांगितलंसा तर चढवूच देणार न्हाईत. आन् चढवून नुसतं गप बसलासा तर मी सांगीन."

बुधवारी सकाळी फाट्यावर पांढरी गाडी उभी होती. डॉक्टर मनीषा पन्नाशीच्या, बुटकेल्या, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. त्यांच्याबरोबर संस्थेचे वाहन व्यवस्थापक प्रशांत होते. त्यांच्या पायात कार्यालयाचे बूट होते. फुलामावशी बाजाराहून येऊन फाट्यावर बसली होती. ती न विचारता मागच्या सीटवर चढली, कारण गाडी आंबेतळाला जाते आणि झिलू चालवतो, म्हणजे ती आपली, असा तिचा सरळ हिशेब होता.

प्रशांतनी चाचणी समजावून सांगितली. वाटेत त्यांनी स्वतः येऊन पाच ठिकाणी लाल झेंडे लावले होते. झेंडा आला की ड्रायव्हरने चार चाकं जोडायची. पाचांपैकी तीन ठिकाणी जोडली की पास.

"कधी लावलेत झेंडे?" झिलूने विचारलं.

"एप्रिलमध्ये. पूर्ण सर्व्हे करून."

एप्रिलमधला हा रस्ता झिलूला माहीत होता. तो वेगळा रस्ता होता.

नव्या गाडीत धाकटा गिअर नव्हता. एक गोल खटका होता, त्यावर तीन खुणा: दोन, चार, चार-लो. झिलूने त्यावर एकदा हात फिरवला आणि गाडी सुरू केली.

पहिला झेंडा पंचायतीने केलेल्या काँक्रीटच्या आवळ वळणावर होता. चढ उभा होता, पण वर झाडांचं छत होतं आणि खाली सुकं खडबडीत काँक्रीट. झिलूने पहिल्यात घेतलं आणि दोन चाकांवर वळण काढलं.

"झेंडा," प्रशांत म्हणाले.

"दिसला."

"मग?"

"काँक्रीट हाय, साहेब. घसरायला जागा न्हाई. हितं चार टाकली तर गाडीच्या पोटात मुरडा येतो."

डॉक्टरबाई खिडकीबाहेर बघत हसल्या. प्रशांतनी कागदावर फुली मारली. फुली मारताना ते नाखूश दिसले नाहीत. नियमाने वागणाऱ्या माणसाला दुसऱ्याची चूक फार दुखत नाही.

दुसरा झेंडा ओढ्याच्या काठाला. पाणी मांडीभर होतं, तळाला गोल धोंडे. झिलूने काठाच्या अलीकडे थांबून चार जोडली आणि शांतपणे पार केलं. बरोबरची खूण. तिसऱ्या झेंड्यापाशी एप्रिलात पावलाभर धुळीचा पट्टा होता. पावसाने ती धूळ कधीच खाली नेली होती आणि आता तिथे जांभ्या दगडाची स्वच्छ, कडक लादी होती. झिलूने दोनांवरच ठेवलं. फुली. चौथा झेंडा रानातल्या कुजक्या पाल्याच्या चाकोरीत. तिथे चार. खूण. पाचवा झेंडा गावाच्या शिवारात बांधाजवळ लावला होता असं प्रशांत सांगत होते, पण तो वर होता, म्हणजे रेडेचढाच्या पलीकडे.

"चारांत दोन," प्रशांत म्हणाले. "पाचवा बघून टाकला तर पास व्हाल. लक्ष ठेवा."

यानंतर रेडेचढ आला. इथे झेंडा नव्हता. एप्रिलात हा चढ सारवलेल्या अंगणासारखा कडक असतो. सर्व्हे करताना प्रशांतनी इथेच सावलीत उभं राहून ताक प्यायलं होतं. आज चढ तांबडा, चकचकीत आणि जिवंत दिसत होता. मधून पाणी एक वाट काढून येत होतं आणि त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना चिखल फुगला होता.

झिलूने खडी संपायच्या दहा पावलं अलीकडे गाडी थांबवली. सवयीने खाली उतरला, पुढच्या चाकापाशी गेला, खाली वाकला, आणि तिथे फिरवायला काही नाही हे पाहून परत उभा राहिला.

"मी मागं सरकू?" फुलामावशीने विचारलं. ती अर्धी सरकलीही होती.

"आज नको, मावशी. आज न्हाई लागत."

"न्हाई लागत म्हंजे?" मावशीचा आवाज दुखावला. "मी काय वाळले काय?"

झिलूने हात धुतले आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याचा शाफ्टशी काही संबंध नव्हता, तेव्हा ते बंद करायचं कारणही नव्हतं. फुलामावशीने "व्हय म्हाराजा" म्हटलं. डॉक्टरबाईंनीही म्हटलं. त्या आत बसल्या होत्या, आणि चढ त्यांनीही पाहिला होता.

"इथे झेंडा नाही," प्रशांत म्हणाले.

"चिखल हाय," झिलू म्हणाला.

त्याने गाडी न्यूट्रल करून खटका चार-लोवर नेला. समोरचा हिरवा दिवा मिचकत राहिला. झिलूने तो स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. नऊ वर्षांत त्याने खट्ट आवाजाच्या पलीकडे कशाची वाट पाहिली नव्हती. दिवा स्थिर झाला. त्याने क्लच सोडला.

गाडी चिखलात शिरली आणि झिलूचा उजवा पाय खाली जायला लागला. नऊ वर्षं तो पाय या जागेवर खाली गेला होता. रेडेचढावर दमात घ्यायची, मध्ये सोडायची नाही, सोडली की संपलं, हे त्याच्या पोटरीत लिहिलेलं होतं. झिलूने दात आवळले आणि पाय तसाच धरला. बोटांत कळ आली. गाडी माणसाच्या चालीने वर सरकत होती, आणि एवढ्या हळू या चढावर फक्त रेडेच चढतात, तेही सगळे नाही.

मग एक गोष्ट घडली जी त्याने कधी अनुभवली नव्हती. मागची चाकं जरा फिरली, गाडी कचरली, आणि पुढून कुणीतरी ओढलं. स्टिअरिंग हातात जड झालं, जिवंत झालं. इतकी वर्षं त्याची गाडी मागून ढकलली जात होती. आज पुढून हात मिळाला. एवढी वर्षं आपण या हाताशिवाय चढलो, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्यात लाज नव्हती. तो नीट बघत होता. डाव्या अंगाला कुठे निसरडं, उजवीकडच्या मुळीवर कसा आधार मिळतो, पाण्याच्या वाटेला कुठे चाटून जायचं, हे सगळं त्याला इंचाइंचाने माहीत होतं, कारण दोन चाकांना त्याशिवाय इथे गत नव्हती. दोन चाकं कुठे हात टेकतात हे त्याच्याइतकं या तालुक्यात कुणाला माहीत नव्हतं. चार तिथूनच सुरू होत होती.

अर्ध्या चढावर, वळणापलीकडून, येसाजीच्या तीन म्हशी उतरत आल्या. मागे येसाजी, डोक्यावर इरलं.

"थांबू नको!" फुलामावशी ओरडली. रेडेचढावर थांबणं म्हणजे पायथ्याला परत जाणं, हे तिला माहीत होतं. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. झिलूलाही होतं.

झिलू थांबला.

गाडी एक इंच मागे आली आणि राहिली.

"काय रं झिल्या," येसाजीने खिडकीत डोकं घातलं, "बंद पडली?"

"न्हाई. थांबवलीया."

"हितं?"

"व्हय. तुझ्या म्हशी हाईत न्हवं."

येसाजीने मागे वळून म्हशींकडे पाहिलं, जणू त्यांच्यामुळे असं काही घडू शकेल यावर त्याचा विश्वास नव्हता. मग त्याने आत डोकावून डॉक्टरबाईंना बघितलं. "तुम्ही दाक्तरीण? माझ्या ह्या गुडघ्याचं जरा..."

"वर या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इथे नको."

"मग म्हशी?"

"आधी त्या खाली ने, येसाजी," झिलू दातांमधून म्हणाला, "मग तू वर ये."

म्हशींना घाई नव्हती. पहिली गाडीला घासून गेली. दुसरीने बोनेटवरचं पावसाचं पाणी चाटलं. तिसरी मध्ये उभी राहिली आणि तिने जे करायचं ते तिथेच केलं. प्रशांत हे सगळं डोळे ताणून पाहत होते. त्यांचा एक हात दाराच्या मुठीवर होता आणि दुसऱ्या हातात कागद होता, ज्यावर या प्रकाराला रकाना नव्हता.

वाट मोकळी झाली. झिलूने ब्रेक सोडत क्लच उचलला. पुढचं डावं चाक घसरलं, फिरायला लागलं, चिखल काचेपर्यंत उडाला. पाय खाली जायला निघाला. झिलूने तो वर घेतला. चाक मंदावलं, चाचपडलं, काहीतरी मिळालं, आणि गाडी पुन्हा चालायला लागली. हळू. चालत. वरपर्यंत.

वर राखणदाराच्या घुमटीपाशी पाचवा झेंडा सापडला. तो घुमटीच्या कळसाला बांधलेला होता. एप्रिलात बेळगावचे साहेब येऊन गेले आणि शिवारात नवं लाल कापड ठेवून गेले. गावाने ते ज्याचं त्याला पोचवलं होतं. जमीन सपाट आणि घट्ट होती. झिलूने खटका दोनवर आणला. प्रशांतनी घुमटीकडे पाहिलं, हात जोडावेत की फुली मारावी हे ठरवायला त्यांना थोडा वेळ लागला. त्यांनी दोन्ही केलं.

शाळेच्या व्हरांड्यात दवाखाना मांडला. डॉक्टरबाईंनी पहिल्याच माणसाच्या दंडाला पट्टा बांधला. गाव जमलं होतं. औषधाला कमी आणि झिलू रेडेचढावर थांबला हे खरं का ते बघायला जास्त.

"पाचांत दोन," प्रशांत म्हणाले. ते आता कमी ठामपणे बोलत होते. "नियमाप्रमाणे नापास. पण अनुभवाचे गुण मिळवले तर... नऊ वर्षं आहेत ना?"

झिलू उठून उभा राहिला. बसून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

"ते नऊ खोडा, साहेब. माझ्या जीपला पुढचा शाफ्टच नव्हता. मला परवा कळलं. धाकटा ओढत व्हतो, पण खाली काय न्हाई. नऊ वर्षं गाडी दोन चाकांवरच चढत व्हती."

लावणी कधी करायची हे ज्यांनी झिलूला विचारलं होतं त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रुक्मिणीने दाराच्या चौकटीला टेकून हात बांधले.

"म्हंजे," फुलामावशी हळूहळू म्हणाली, "नऊ वर्षं मला मागं बसवत व्हतास ते..."

"मागच्या चाकांवर भार पायजे व्हता. तुझ्यामुळंच चढायची, मावशी."

मावशीने पदर सारखा केला आणि पाठ ताठ केली. "ते मला कुणीतरी आदीच सांगायला पायजे व्हतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

प्रशांतनी 'नऊ' खोडलं. "मग किती लिहू?"

"आज अडीच तास. परवाचे धरले तर चार."

"रकाना वर्षांचा आहे."

"मग मागच्या पानावर लिहा," डॉक्टरबाई पट्ट्यातली हवा सोडत म्हणाल्या. "लिहा, की दोन चाकांवर नऊ वर्षं हा चढ चढवला. लिहा, की आज तीन ठिकाणी टाकली आणि तीन ठिकाणी टाकली नाही, आणि सहाही बरोबर."

"पण झेंड्यांप्रमाणे..."

"झेंडे एप्रिलचे आहेत, प्रशांत. मी ऑगस्टमध्ये आलेय." त्या झिलूकडे वळल्या. "पुढच्या बुधवारी साडेआठला फाट्यावर. त्या येसाजींना आधी घ्या, त्यांचा गुडघा सुजलाय. आणि म्हशींना नंतर."

झिलूने मान हलवली. रुक्मिणी म्हणाली, "येतील."

दुपारी परत उतरताना पाऊस पुन्हा सुरू झाला होता. झिलूने वरच्या घट्ट जमिनीवरच चार-लो जोडलं, पहिल्यात टाकलं, दोन्ही पाय ब्रेक-क्लचवरून काढून घेतले आणि गाडीला स्वतःच्या दमाने उतरू दिलं. प्रशांतनी उतारभर त्याच्या पायांकडे पाहिलं. पायथ्याला आल्यावर ते "जरा थांबा" म्हणाले, पिशवीतून एक झेंडा काढला आणि गाडीतून उतरले. कार्यालयाने सहा दिले होते. एखादा मोडला तर असावा म्हणून. कार्यालयाचे बूट चिखलात घोट्यापर्यंत गेले. त्यांनी ते तसेच पुढे टाकले आणि चढाच्या सुरुवातीला, जिथे पहिला लाल चिखल चमकत होता, तिथे काठी रोवली.

"इथे?" त्यांनी पावसातून ओरडून विचारलं.

झिलूने काच खाली केली. "अलीकडं या, साहेब. तिथं उमगून काय उपेग न्हाई."

प्रशांतनी काठी उपटली. ते दहा पावलं खाली आले, आणि पक्क्या खडीवर, जिथे अजून काहीच बिघडलेलं नव्हतं, तिथे त्यांनी झेंडा लावला.